न बोलण्याची वकिली

९ फेब्रुवारी, दुपार

प्रिय बुटके,

लाकडी पडदीच्या पलीकडून येणारा तो आवाज आज सकाळी मला पुन्हा ऐकू आला. आपली शाळा आठवते ना? अलीकडे माझा सातवीचा वर्ग, पलीकडे तुझा पाचवीचा, आणि मध्ये ती पडदी, जिच्या फटींतून खडूची धूळसुद्धा इकडून तिकडे पाहुणी जायची. तुमचा अख्खा वर्ग एका सुरात नदीची कविता म्हणत असायचा आणि त्या सगळ्या गळ्यांच्या अर्धा शब्द पुढे एक गळा धावत असायचा. तुझा. मास्तर टेबलावर पट्टी आपटायचे, "ए पुढारी, बाकीच्यांना बरोबर घेऊन चल!" तू दोन ओळी शहाण्यासारखी सगळ्यांबरोबर चालायचीस आणि तिसरीला पुन्हा सुटायचीस. अलीकडे मी वहीत तोंड खुपसून हसत असायचो.

इतक्या वर्षांनी पत्र आलं म्हणून दचकू नकोस. कुणी गेलेलं नाही. जाणाऱ्यांच्या रांगेत पहिला नंबर माझाच, आणि मी हा असा खिडकीशी बसून लिहितोय. निवृत्त न्यायाधीशाला 'बुटके' म्हणणारा जगात आता एकटा मीच उरलोय, तेव्हा सही बघायचीही गरज नाही.

आपलं भांडण झालं असतं तर बरं होतं, मिटवता तरी आलं असतं. तू न्यायाच्या खुर्चीत बसलीस आणि माझ्या दुकानाची पायरी तुला वर्ज्य झाली. शहरातले निम्मे वकील माझ्याकडे काळे कोट शिवायला टाकत, तिथे न्यायाधीशबाईंनी चहाला यावं कसं! तू कारण सांगितलं नाहीस. मी विचारलं नाही. आधी भाऊबहिणीचं येणं थांबलं, मग बोलणं. असो. उसवलेलं जुनं कापड उगाच ओढू नये, हाताशी चिंध्या येतात.

पत्राचं कारण खारू. माझ्या लेकीची लेक. लहानपणी खारीसारखी तुरुतुरु पळायची, म्हणून खारू. आईवडील नोकरीपायी परमुलखात, आणि ती इथे माझ्याजवळ. तिनं वकिली घेतली हे तुझ्या कानावर आलंच असेल. ती तुला जजआजी म्हणते, हे मात्र तुला ठाऊक नसेल.

आठवडाभर ती आठव्या मजल्यावरच्या एका मोठ्या वकिलांच्या ऑफिसात असते. सगळ्या भिंती काचेच्या. मी एकदा डबा द्यायला गेलो तर काचेलाच दार समजून नाक आपटलं. सकाळी एका हातात उकडलेलं अंडं, दुसऱ्या हातात कागद, असं पायांत बूट सरकवत ती जिना उतरते. रविवारी तरी झोपेल की नाही? नाही! रविवारी ती सलूनमध्ये जाते.

हसू नकोस. आमच्या चौकातलं सलून रविवारी बंद असतं. सलूनवाल्याच्या भावाचं काहीतरी अडलेलं काम या पोरांनी सोडवलं, तेव्हापासून रविवारची किल्ली त्यानं त्यांच्या हवाली केली आहे. "केस कापायचे सोमवार ते शनिवार, केस लढवायच्या रविवारी," हा त्याचा विनोद. दर आठवड्याला करतो आणि दर आठवड्याला स्वतःच हसतो.

तिथे तिघं वकील बसतात, फुकट सल्ला देतात. एक खारू. दुसरा उंट, म्हणजे टायरच्या कारखान्यात कराराचे कागद तपासणारा एक लांबलचक मुलगा. साहेबाचा फोन आला की तो बायकांचे केस वाळवायच्या त्या मोठ्या टोपाखाली डोकं घालून "येस सर, येस सर" करतो, कारण तिथे बाहेरचा गलबला ऐकू येत नाही. तिसरी मावशी. वय असेल पंचविशीचं, पण सगळ्यांना पाव-जॅम खाऊ घालते आणि "नखं कापा रे" म्हणून ओरडते, म्हणून मावशी. ती कर-सल्लागाराकडे नोकरी करते. आणि चौथा मी. मी दाराशी स्टूल टाकून येणाऱ्यांना पाणी देतो, बसवतो, कोण आधी आलं ते लक्षात ठेवतो.

बुटके, तिथे काय होतं ते कसं सांगू! माणूस त्या फिरत्या खुर्चीत बसतो आणि समोर मोठा आरसा. वकिलाकडे बघून बोलायला त्याला लाज वाटते, म्हणून तो आरशातल्या स्वतःलाच सगळं सांगतो. खारू थोडी मागे, बाजूला बसते, आरशाच्या कडेला दिसेल न दिसेल अशी. मध्ये बोलत नाही. माणूस स्वतःच्याच तोंडाकडे बघत बघत खरं बोलू लागतो. मी आयुष्यभर आरशासमोर माणसं उभी केली, कोट चढवला, खांदे झटकले. कुणी कधी खरं बोललं नाही.

तुझा,
दादा

२ मार्च

प्रिय बुटके,

उत्तर नाही आलं. येईल असं धरलंही नव्हतं. पण पत्र परतही आलं नाही, म्हणजे वाचलंस.

आमच्या घरात सध्या एक गंमत चालली आहे. गंमत म्हणायची ती रडू येऊ नये म्हणून.

गेल्या महिन्यात एका रविवारी पाळणाघरवाली आली. इथून दोन गल्ल्या पलीकडे एका इमारतीच्या तळमजल्यावर ती कामावर जाणाऱ्या आयांची बाळं सांभाळते. कडेवर एक, पदराला एक, अशीच आली. मधल्या खुर्चीत बसली. तिला जागा खाली करायला सांगितली होती. खारूनं नेमानं पहिला प्रश्न विचारला, "समोरची बाजू कोण?" ती म्हणाली, "आमचे काका हो, दुसरं कोण?" काका म्हणजे जुना घरमालक. नोटीस आणलीय का, तर पिशवी उपडी केली आणि निघाले लंगोट आणि दुधाच्या बाटल्या. नोटीस घरी राहिलेली. एवढ्यात ती आरशात बघून जी रडायला लागली, की खारूनं पुढचं काही न विचारता तासभर ऐकून घेतलं.

चूक झाली ती इथे. वकिलानं समोरच्याचं पक्कं नाव कळल्याशिवाय कहाणी ऐकायची नसते म्हणे. तू जाणतेसच.

मंगळवारी खारूच्या टेबलावर एक नवीन फाइल आली. इमारत काकांनी कधीच एका कंपनीला विकली होती आणि ती कंपनी खारूच्याच ऑफिसची अशील. खारूनं फाइल उघडली, पहिलं पान वाचलं आणि मिटली. मोठ्या साहेबाला सांगितलं, मला हे काम करता येणार नाही. पाळणाघरवालीला निरोप धाडला, मला तुमचं काम करता येणार नाही. का, ते दोघांनाही सांगितलं नाही.

मला यातलं तिनं अवाक्षर सांगितलेलं नाही हं! पुढच्या रविवारी पाळणाघरवाली नोटीस घेऊन रडत आली, "ताईंनी मला टाकलं हो," म्हणाली. नोटिशीच्या डोक्यावर त्या काचेच्या ऑफिसचं नाव होतं, तेव्हा मला उमगलं. फाइलीचं साहेबांच्या शिपायानं सांगितलं. तो माझं जुनं गिऱ्हाईक.

आता ते काम उंटानं घेतलंय. पाळणाघरवाली आली की खारू हातातलं काम तसंच ठेवून उठते, रस्ता ओलांडते आणि समोरच्या बंद दुकानाच्या शटरला टेकून भर उन्हात उभी राहते. यांचं बोलणं संपेपर्यंत तिकडेच. पाळणाघरवाली जाताना तिच्याकडे बघतही नाही. खारू बघते, पण पायांकडे, पोरांच्या.

तिघं जिवाभावाचे मित्र. आता त्यांचं एकमेकांत बोलायचं ते फक्त हवापाण्यावर. उंट माझ्या घरी आला तर कागद पिशवीत उलटे घालून येतो. आणि माझं काय? मी तर सलूनमध्ये स्टुलावर बसून सगळं ऐकलेलं! पहिल्या रविवारी ती बाई काय काय म्हणाली ते माझ्या कानात आहे. ते तुलाही लिहीत नाही, उगाच ओरडशील. पण घरी जेवताना समोर खारू, आणि मध्ये हे एवढं मोठं गुपित, टेबलावर वाढून ठेवल्यासारखं. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही हे तू जन्मापासून जाणतेस. म्हणून एक युक्ती काढलीय. जिभेच्या टोकाशी काही आलं की मी शाळेतली कविता म्हणायला लागतो.

काल खारू सूप पिता पिता म्हणाली, "आजोबा, आज ही तिसरी कविता. इतकं गंभीर आहे का?"

मी म्हणालो, "काय गंभीर?"

ती म्हणाली, "ते मी विचारलेलं नाही. चौथी म्हणा."

तुझा,
दादा

२३ मार्च, सकाळ

बुटके,

काल मी कोर्टात गेलो होतो. इतकी वर्षं कोर्टात जाणारे कोट शिवले, आत पाऊल काल टाकलं. तू त्या उंच जागी बसायचीस ना? खालून ती जागा किती उंच दिसते ते तुला कुणी सांगितलं नसेल.

पाळणाघरवालीला सोबत हवी होती म्हणून गेलो. खारूला इतकंच म्हणालो, "जरा बाहेर जाऊन येतो." ती म्हणाली, "टोपी घ्या." बस्स.

उंट त्याआधी एकदाही कोर्टात उभा राहिलेला नव्हता. त्याच्या कारखान्यातला साहेब रजा देईना. "फुकटच्या कामाला भरपगारी रजा? मग आम्ही टायर पण फुकट वाटू का?" असं म्हणाला म्हणे. शेवटी बिनपगारी घेतली. कोट मित्राचा. बाह्या मनगटाच्या वर चार बोटं. आदल्या संध्याकाळी मी आतली पट्टी सोडवून बाह्या उतरवून दिल्या. तो उभ्या उभ्या दुसऱ्या दिवशी बोलायची वाक्यं पुटपुटत होता. मी म्हणालो, "अरे, उंटाला वाळवंटाची भीती?" तर म्हणाला, "आजोबा, मी प्राणिसंग्रहालयातला उंट आहे."

कंपनीच्या बाजूनं खारूचा मोठा साहेब स्वतः आला होता. हा माझं जुनं गिऱ्हाईक. त्याच्या उमेदवारीतला पहिला कोट मीच शिवला. डावा खांदा जरा उतरता, तिथे मी आतून कापसाची घडी घालायचो. काल मला त्यानं ओळखलं नाही. साहेब बोलायला लागला की तासलेला लाकडाचा ठोकळा बघावा तसं, कुठे कूस नाही. त्यानं मांडलं ते असं : ती जागा राहण्यासाठी दिलेली. जुन्या मालकानं पाळणाघराला कधीच होकार दिलेला नव्हता. बाईनं गुपचूप धंदा थाटला, तेव्हा बाहेर काढा.

मग उंट उठला. पहिलं वाक्य तीनदा सुरू केलं. न्यायाधीशांनी पाण्याचा ग्लास त्याच्याकडे सरकवायला सांगितला. तो प्यायला नाही. एक फोटो पुढे केला आणि म्हणाला, "महाराज, या जागेत हात धुवायची चार बेसिनं आहेत. ती माझ्या गुडघ्याला लागतात. माझा गुडघा उंच आहे हे मान्य. पण राहायच्या घरात इतक्या खाली बेसिनं कुणासाठी बसवतात? ती बसवली जुन्या मालकानंच, स्वतःचा गवंडी आणि स्वतःचा नळवाला पाठवून. ज्यानं होकार दिला नव्हता, त्यानं बाळांच्या उंचीची मापं कशाला घेतली?"

न्यायाधीशांनी फोटो जवळ घेऊन पाहिला, मग चष्मा काढून पाहिला. साहेबाला विचारलं, "मालकानं बसवली हे तुम्हाला नाकबूल आहे का?" आणि बुटके, तो साहेब, जो कधी अडखळत नाही, तो खाली फाइलीकडे बघत राहिला.

निकाल लागेपर्यंत पाळणाघराला हात लावायचा नाही, असा हुकूम झाला. अंतिम निकाल दूर आहे, मला कळतं. पण बाहेर येऊन पाळणाघरवालीनं उंटाला मिठी मारली ती त्याच्या बरगडीपर्यंतच पोचली. मला शाळेत कविता पाठ होऊन पहिल्यांदा न अडखळता म्हणता आली होती, तेव्हा अंगावर असा काटा आला होता. ही पोरं कुठल्या कापडाची बेतलीत कळत नाही. आठवडाभर टायर मोजायचे, करांचे तक्ते भरायचे, काचेत कोंडून घ्यायचं, आणि उरलेला एक दिवस झोपेतून उपसून असा कुणाच्यातरी ओंजळीत ओतायचा!

घरी आलो. खारू दार उघडून माझ्याकडे बघत राहिली. तिला सगळं विचारायचं होतं, मला सगळं सांगायचं होतं. ती म्हणाली, "ऊन लागलं का आजोबा? चेहरा चकाकतोय."

मी लगेच नदीची कविता धरली. पहिल्यापासून शेवटपर्यंत, चालीत, टाळ्या वाजवत.

तिनं शेवटपर्यंत ऐकली. मग आत जाऊन नळ सोडला आणि बराच वेळ तोंड धूत राहिली.

तुझा,
दादा

६ एप्रिल

बुटके,

आज हे पत्र भावाचं नाही, अडलेल्या माणसाचं आहे. मला सल्ला दे. फुकट दे.

खारूची सनद जायची वेळ आली आहे.

ती बेसिनं मालकानंच बसवली, याचा उल्लेख साहेबांच्या फाइलीत एका जुन्या कागदावर आहे. साहेबांची खात्री अशी, की बाईला या गोष्टीचं मोल कळलं नसतं, आणि तो कागद सोडून जगात ती कुठे लिहिलेली नाही, तेव्हा ती उंटाला कळली ती खारूकडूनच. फाइल एक दिवस तिच्या टेबलावर होती. उंट तिचा मित्र. दोन आणि दोन चार. ऑफिसनं तिला लेखी खुलासा मागितलाय. एकोणीस तारखेच्या सोमवारपर्यंत दिला नाही, तर वकिलांच्या परिषदेकडे तक्रार जाणार. स्वतःच्या अशिलाचा कागद विरुद्ध बाजूला पोचवला, या आरोपावर सनद राहते का, ते तू मला सांग.

हे मला खारूनं सांगितलं, कारण हे तिचं स्वतःचं आहे. आणि आता तुझ्यापुढे मी जे लिहितो ते नीट वाच.

बेसिनांची गोष्ट त्या बाईनं पहिल्याच रविवारी सांगितली होती. खारूला. फाइल येण्याच्या आधी. "काकांनी स्वतः उकिडवं बसून मापं घेतली हो बाळांची," असं आरशाकडे बघून म्हणाली. मी पाण्याचा तांब्या घेऊन मागे उभा होतो. पुढे तेच तिनं उंटाला सांगितलं. कुणी कुणाचा कागद चोरला नाही. खारूनं एवढं एक वाक्य लिहिलं तर सुटली!

मी तिला म्हणालो, "लिही की! बाईनं मला आधीच सांगितलं होतं, म्हणून मोकळी हो."

ती म्हणाली, "आजोबा, बाई मला काय म्हणाली, हे मी लिहायचं? कुणाला? तिच्या विरुद्ध बाजूच्या वकिलाला?"

"अगं, पण हे तर कोर्टात उघड झालं!"

"हे झालं. मग साहेब विचारतील, आणखी काय म्हणाली? आणखीही पुष्कळ म्हणाली होती. तुम्ही कोट शिवता ना? एक टाका उसवला की पुढचा आपोआप सैल होतो."

साहेबानं तिला खोलीत बोलावून हेच विचारलं होतं, असं नंतर कळलं. आधी गोडीत. "तुला पुढच्या वर्षी मोठ्या खोलीत बसवायचं मनात आहे. ती बाई तुमच्या त्या सलूनमध्ये येते, हे कळलंय मला. ती काय म्हणाली ते फक्त मला सांग, खुलाशाचं मी बघतो." मग दटावून. ती म्हणे प्रत्येक वेळी एकच सांगते, "मला यावर बोलता येणार नाही, सर."

मी म्हणालो, "मग त्या बाईकडे जातो मी. तिची परवानगी आणतो. ती हो म्हणेल."

खारू पहिल्यांदाच माझ्यावर चिडली. "म्हणेलच ना ती हो! एक वकील तिच्यामुळे बुडतेय म्हटल्यावर कोण नाही म्हणेल? त्याला परवानगी म्हणत नाहीत आजोबा, त्याला ओझं म्हणतात. तिनं आरशात बघून सांगितलं ते विश्वासावर. तो विश्वास तिला माझ्यासाठी मोडायला लावू?"

बुटके, ती हे बोलली तेव्हा एका हातानं पावाला लोणी लावत होती. पाव माझ्या ताटात ठेवला आणि इस्त्री करायला गेली. एवढं मोठं काहीतरी आपल्या घरात, आपल्या ओट्याशी उभं राहून लोणी लावतंय, याची मला भीतीच वाटली. देवळात वाटते तशी.

तर माझा प्रश्न हा. मी वकील नाही. शिंपी आहे, तोही दुकान बंद केलेला. मी ऐकलंय, कधी ऐकलं तेही आठवतं. मी साहेबाकडे जाऊन, एक साधा माणूस म्हणून, हे सांगू का? माझी जीभ कुणी बांधलीय? खारूला विचारलं तर ती नाहीच म्हणणार. म्हणून तुला विचारतो. तू म्हणशील ते करीन.

लवकर कळव.

दादा

१८ एप्रिल, रविवार सकाळ

प्रिय बुटके,

तुझं कार्ड काल पोचलं. अक्षर तेच, ओळ संपायच्या आत पुढच्या ओळीकडे धाव घेणारं.

"दादा, तू त्या खोलीत तिचा मदतनीस म्हणून बसला होतास. तिला जे बोलता येत नाही, ते तुलाही येत नाही. मला लिहिलंस तेही लिहायला नको होतंस. यापुढे लिहू नकोस. मुलगी बरोबर आहे. हाताची घडी, तोंडावर बोट. फार कठीण असतं. मला माहीत आहे."

मी ते कार्ड किती वेळा वाचलं सांगत नाही. आधी राग आला. नातीची सनद चाललीय आणि ही मला शाळेतल्यासारखं बोट लावायला सांगते! मग शेवटच्या तीन शब्दांशी येऊन थांबलो. मला माहीत आहे.

तुला माहीतच असणार. आईच्या आजारपणात तू आलीस, मध्ये एक खुर्ची सोडून बसलीस, कारण तिच्या उशाशी बसलेला डॉक्टर तुझ्यापुढच्या एका खटल्यात साक्षीदार होता. हे मला नंतर वर्तमानपत्रात वाचून कळलं. तेव्हा मी म्हणालो होतो, न्यायाधीश झाली आणि बहीण संपली. तू काही बोलली नाहीस. माझ्या दुकानासमोरून तुझी गाडी जायची, काच वर. मला वाटायचं, ताठा. या वर्षी रस्त्यापलीकडे शटरला टेकून उन्हात उभी राहिलेली खारू मी रविवारमागून रविवार पाहिली नसती, तर मरेपर्यंत मी त्याला ताठाच म्हणत राहिलो असतो. काचेच्या आतल्याला काय होत असेल ते बाहेरच्याला कसं कळावं?

आता थांबतो, नाहीतर कविता करायला लागेन आणि मला ती म्हणता येते, करता येत नाही.

खारूनं खुलासा काल लिहून ठेवला. टेबलावर उघडाच होता. एकच वाक्य आहे : "मी माझ्या कर्तव्याविरुद्ध काहीही केलेलं नाही, याहून अधिक मला सांगता येत नाही." उंट आणि मावशी काल येऊन गेले. उंट म्हणाला, "मी परिषदेपुढे जाऊन सांगतो मला कुणी सांगितलं ते." खारू म्हणाली, "तुझी अशील आहे ती. तूही सांगणार नाहीस." मावशीनं सगळ्यांची डोकी टॉवेलनं पुसावीत तशी नजर फिरवली आणि म्हणाली, "उद्या सलून नेहमीच्या वेळेला उघडायचं. सनद गेली तर खारू माझ्याबरोबर पाव कापेल." तिघंही हसले. मी बघत राहिलो. उद्या जिचं सगळं जायचंय ती हसता हसता कुणाच्या तरी घरभाड्याच्या कामाचे मुद्दे मावशीला समजावून देत होती, आपण नसलो तर अडू नये म्हणून.

आत्ता ती आत केस विंचरतेय. थोड्या वेळानं आम्ही सलूनकडे

दाराशी कुणीतरी आहे. बघून येतो.

पुढचं लिहितोय खरा, पण हे पान तुला पाठवणार नाही. तूच शिकवलंस. लिहिल्याशिवाय छाती रिकामी व्हायची नाही म्हणून लिहितो, आणि लिहून झालं की फाडून टाकीन.

दार उघडलं तर उतरता डावा खांदा. मोठा साहेब. एकटा. ड्रायव्हर नाही, बॅग नाही, कोटही नाही. मळखाऊ सदरा, दाढी वाढलेली. जिने चढून आला होता, धापा टाकत होता.

मी दारातच आडवा झालो. म्हणालो, "खुलासा उद्यापर्यंत द्यायचा आहे. आज रविवार."

"खुलासा नको," तो म्हणाला. "तक्रारीचा कागद मी काल रात्रीच काढून टाकला."

"मग?"

तो चौकटीला हात टेकून उभा राहिला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "माझ्याकडे चाळीस वकील आहेत. त्यांतल्या एकालाही सांगता येत नाही असं माझ्या घरात घडलंय. महिनाभर मी या मुलीला सगळ्या बाजूंनी हलवून पाहिलं. तिनं तोंड उघडलं असतं, तर मी आज इथे आलो नसतो."

आतून खारूचा आवाज आला, "आजोबा, कोण आहे?"

मी साहेबाकडे बघितलं. काय सांगू, ते मला कळेना.

तो पायांतले बूट काढत होता. काढता काढता, अगदी हळू, म्हणाला, "सांगा, अशील आलंय."